तुमचा ‘उ’ आणि माझा H

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे, आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. दुसरं काही सुचतच नाही. भेटायला येणारी माणसं ओट्यावर टेकतात, पाणी पितात आणि जाताना सांगतात, मास्तर म्हणजे देवमाणूस. मी मान हलवते. मनात म्हणते, देवमाणसाशी एकदा संसार करून बघा.

आपल्या भांडणाचा विषय बाहेर सांगण्यासारखाही नव्हता. नवरा-बायको मिठावरून भांडतात, पण ते आमटीतल्या. आपण भांडलो ते मीठ लिहायचं कसं, यावर. पाणी लिहायचं कसं, चुना लिहायचा कसा, यावर. साऱ्या जगाच्या रसायनाच्या पुस्तकात पाणी H₂O असं लिहितात आणि तुम्ही ते उ२प्रा असं लिहीत होतात, दोनाचा आकडा बारीक करून, ‘उ’च्या पायाशी. एवढंच. एवढ्यावरून किती संध्याकाळी आपल्या घरात भांड्यांचाही आवाज झाला नाही, ते मला माहीत आहे आणि तुम्हाला.

लग्न होऊन मी लोणावळ्याला आले, तेव्हा बाजारामागच्या आपल्या दोन खोल्यांत सामान म्हणाल तर काही नव्हतं, पण स्वयंपाकघराची एक भिंत कोळशानं लिहून भरलेली होती. उ, प्रा, न, क, गं, लो, तां. माझं माहेर कान्ह्याचं. वडील रेल्वेत असल्यामुळे मुलीला शिकवायची त्यांना हौस, म्हणून मी मराठी सातवीपर्यंत शिकलेली. तरी ती अक्षरं बघून मला वाटलं, हा कसला तरी मंत्र आहे. केर काढताना त्या भिंतीला मी केरसुणीसुद्धा लागू देत नव्हते. तुमच्या लक्षात आलं, तेव्हा तुम्ही दाराच्या चौकटीला धरून हसलात. मग पाटावर बसून सांगितलंत की सगळं जग ज्या मूळ पदार्थांचं बनलंय, त्यांची ही नावं आहेत. हायड्रोजनला आपल्यात उज्जवायू म्हणतात, त्याचा उ. ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू, त्याचा प्रा. कर्बाचा क, गंधकाचा गं, लोखंडाचा लो. अख्खं नाव लिहीत बसायला नको म्हणून पहिलं अक्षर.

इंग्रजी अक्षरं का नकोत, तेही तेव्हाच सांगितलंत. इंदुरीहून तुम्ही पहिल्यांदा इंग्रजी शाळेत गेलात, तेव्हा मास्तर H आणि O पाठ करून घ्यायचे आणि चुकलं की छडी मारायचे. वर्षभर तुम्हाला वाटायचं की H नावाचा पदार्थ साहेबाच्या देशातल्या पाण्यात असतो, आपल्या इंद्रायणीच्या पाण्यात तो कुठला असायला? हे सांगताना तुम्ही हसत होतात, पण मला हसू आलं नाही. आपली मुलं तरी असं समजून वाढणार नाहीत, म्हणून शाळेत खालच्या वर्गांना शास्त्र शिकवायला लागलात, त्याच वर्षी ही चिन्हं तयार केलीत. मला ते पटलं. हे तुम्ही कधीच लक्षात घेतलं नाहीत, की मला ते आधी पटलं होतं.

मग रोजचा धडा आधी माझ्यावर. उद्या वर्गात जे शिकवायचं, ते आज चुलीपुढे. सरूला कळलं तर मुलांना कळेल, असं म्हणायचात. हे ऐकून मला राग यायचा आणि आनंदही व्हायचा. आकड्यांनी मी फार गोंधळले होते. पुढे दोन लिहिले काय आणि पायाशी दोन लिहिले काय, दोन ते दोनच की, असं माझं म्हणणं. तुम्ही तीन प्रकारे सांगून पाहिलंत. शेवटी म्हणालात, ‘पुढचा आकडा सांगतो घरं किती. पायाशी असलेला सांगतो त्या घरात कोण किती.’ ते मला अजून तसंच आठवतं, आणि दुसऱ्या कोणाला याहून चांगलं सांगता येईल असं वाटत नाही.

आणि ते हात. उज्जवायूला एक हात, प्राणवायूला दोन, नत्रवायूला तीन, कर्बाला चार. कोणाचाच हात रिकामा राहता कामा नये, एवढा एकच नियम. म्हणून एका प्राणवायूला दोन उज्जवायू लागतात. शाळेच्या पटांगणात मुलांच्या छातीवर कागद लावून तुम्ही हे करून घ्यायचात. कर्बाला चार हात हवेत म्हणून दोन मुलं पाठीला पाठ लावून उभी करून कमरेला उपरणं बांधायचात, आणि ती दोघं वेगवेगळ्या दिशांना ओढत पडायची. मी एकदा डबा द्यायला आले होते, तेव्हा कुंपणापाशी थांबून बघितलं होतं. धूळ, आरडाओरडा, घाटाकडे निघालेल्या इंजिनाचा धूर, आणि मध्ये तुम्ही ओरडताय, ‘अरे, त्या प्राणवायूचा एक हात मोकळा आहे!’ इतका आनंदी माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. सांगण्याची वेळ आली की काहीतरी भांडण मध्ये यायचं.

चुन्याच्या निवळीचा दिवस मात्र भांडणाशिवाय गेला. तुमच्या आई, माझ्या आत्याबाई, इंदुरीहून आल्या होत्या. तुम्ही आईच्या तंबाखूच्या डबीतला चुना उचललात, तांब्यातल्या पाण्यात ढवळून ठेवलात आणि वर साचलेली नितळ निवळी काचेच्या पेल्यात काढलीत. पपईच्या पानाचा देठ कापून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, फुंक. मी फुंकत राहिले. नितळ पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं झालं. आत्याबाई पुढे सरकल्या आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे संशयानं पाहिलं. तुम्ही माझ्या हातात कोळसा दिलात. मी भिंतीवर लिहिलं: चु(प्राउ)२ आणि कप्रा२ मिळून चुकप्रा३ आणि उ२प्रा. माझ्या श्वासातला कर्ब चुन्याला जाऊन मिळाला, त्याचा खडू झाला आणि उरलं ते पाणी. दोन्हीकडचे पदार्थ मोजले, एकही कमी-जास्त नाही. डोळ्यांनी बघितलेली गोष्ट मला लिहिता आली होती. शाळेत मी कविता पाठ केल्या, हिशेब केले, पण असं कधी झालं नव्हतं. त्या दिवसाचे तुमचे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच तर पुढचं सगळं इतकं लागलं.

आत्याबाईंचं मत त्याच दिवशी कळलं. तुम्ही उत्साहानं त्यांना मिठाचं सूत्र सांगायला लागलात. सोडियमसाठी सैंधवाचा ‘सैं’, क्लोरिनसाठी हरवायूचा ‘ह’, म्हणून मीठ म्हणजे सैंह. त्या म्हणाल्या, ‘मिठाला मीठ म्हनलं तर आळनी लागतं व्हय?’ आणि आपली डबी मागून घेतली.

पहिला खटका उडाला तो पाऱ्यावरून. पोटॅशियमला तुम्ही पालाश म्हणत होतात आणि त्याचं चिन्ह ‘पा’. पाऱ्याचंही ‘पा’. एकदा मी लुगडी वाळत घालताना सहज म्हटलं, अहो, नुसतं ‘पा’ लिहिलं तर ते कोणाचं समजायचं? त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. सकाळी उठून बघते तर भिंतीवरचा पारा पुसून तिथे रसाचा, म्हणजे पाऱ्याच्याच संस्कृत नावाचा, ‘र’ लिहिलेला. माझ्याशी त्याबद्दल एक शब्द नाही. चूक काढली ती मी, आणि शाळेत तुम्ही मुलांना सांगितलंत की चिन्ह बदललंय. कोणामुळे, ते नाही.

तेव्हापासून मला एक दिसायला लागलं, जे तुम्ही बघतच नव्हतात. तुमच्या चिन्हांना या घराबाहेर आणि तुमच्या वर्गाबाहेर कोणी नव्हतं. मुलं वरच्या वर्गात गेली की तिथले मास्तर पहिला महिना उ पुसून H लिहायला लावण्यात घालवत. ज्या पोरानं तुमच्याकडे पटापट सूत्रं लिहिली, तो तिथे मठ्ठ ठरायचा. दोघातिघांच्या आया मला बाजारात भेटून बोलल्या. मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात की वरचे मास्तर बदलले पाहिजेत.

आणि तो सोडियमचा वाद. इंग्रजी पुस्तकात सोडियमला Na लिहितात. तुम्ही म्हणायचात, ‘सोडियम या शब्दात N कुठे आहे दाखव. लोखंडाला ते आयर्न म्हणतात आणि लिहितात Fe. मेलेल्या भाषेतली नावं धरून बसलेत. मग आम्ही आमच्या जित्या भाषेत का लिहू नये?’ मी म्हणायची, तेच तर मी सांगतेय. त्यांच्यातही ते अक्षर त्यांचं नाही. इंग्रजांचं नाही, जर्मनांचं नाही, तरी सगळ्यांनी एकच धरलंय, म्हणून एकाचं दुसऱ्याला वाचता येतं. आपणही धरावं. तुंगार्लीच्या तळ्यापर्यंत जाऊन परत येईपर्यंत रविवारी हाच वाद. बंगल्यांचे माळी आपल्याकडे बघायचे. एकच गोष्ट, आणि तुम्हाला त्यात तुमचं दिसायचं, मला माझं. अजून मला वाटतं माझंच बरोबर होतं. आता तुम्ही उत्तर देत नाही, यानं मी जिंकले असं होत नाही. नुसती चिडचिड होते.

मी मॅट्रिकला बसायचं म्हटलं, तेव्हा तुम्हाला आनंद झाला होता. इंग्रजी, गणित, इतिहास, सगळं तुम्ही शिकवलंत, कधी कंटाळा केला नाहीत. शास्त्राची वेळ आली, तेव्हा मी म्हटलं, मला आता त्या अक्षरांत शिकवा. तुम्ही इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे ठेवलंत आणि म्हणालात, वाच. पुढे काही नाही. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला लागलं.

‘सरू, मी तुला पाणी दिलं. तुला बाटलीवरची चिठ्ठी हवीय.’

मीही गप्प बसणाऱ्यातली नव्हते. म्हटलं, ‘चिठ्ठी वाचता आली नाही तर माणूस विष पितो.’

त्यानंतर मी एकटीच शिकले. दुपारची भांडी झाली की पुस्तक घेऊन बसायची. तुमच्या ‘क’शेजारी त्यांचा C, ‘गं’शेजारी S. अवघड काही नव्हतं, आणि हेच तुम्हाला सांगायचं होतं. मला ते सोपं गेलं, कारण आतलं सगळं तुम्ही आधीच शिकवलं होतं. हात किती, घरं किती, घरात कोण किती. मला फक्त नावं बदलायची होती. तुमच्या शिकवण्याचा याहून मोठा पुरावा कुठला? पण तुम्ही त्या पुस्तकाला पाठ करून बसायचात, मग सांगणार कोणाला?

परीक्षेला पुण्याला तुम्हीच घेऊन गेलात. दिवसभर बाहेर झाडाखाली बसून होतात. शास्त्राच्या पेपरात नेमकं चुन्याच्या निवळीवर फुंकलं तर काय होतं, ते समीकरणानं लिहायला आलं. मी टाक उचलला आणि कागदावर आधी ‘चु’ उमटला. लगेच खोडून Ca लिहिलं, पुढचं सगळं नीट लिहिलं. बाहेर आल्यावर तुम्हाला सांगितलं. एखाद्यानं विचारलं असतं, मग खोडलंस ना नीट? मार्क जातील का? तुमचा चेहरा उजळला. ‘आधी चु आलं ना?’ एवढंच म्हणालात, आणि लोणावळा येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत गालात हसत होतात. मला तुम्हाला गाडीतून ढकलावंसं वाटलं.

मी पास झाले. तुम्ही पेढे वाटलेत, हे खरं आहे. सगळ्या बाजाराला सांगितलंत, हेही खरं.

मग ते इन्स्पेक्टर आले. त्या सकाळी तुमचा कोट झटकताना मी म्हटलं होतं, आजच्या दिवस फळ्यावर दोन्ही लिहा, एक वर, एक खाली. तुम्ही टोपी घालता घालता विचारलंत, ‘वर कोणाचं?’ आणि निघून गेलात. पुढचं मला वर्गातल्या मुलांकडून कळलं. इन्स्पेक्टरांनी एका मुलाला गंधकाचं तेजाब, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, लिहायला सांगितलं. त्यानं सुरेख अक्षरात उ२गंप्रा४ लिहिलं. अगदी बरोबर. साहेबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, ही कोणाची जन्मपत्रिका? आणि वर्ग हसला. तुमचीच मुलं, पाठीला पाठ लावून उभी राहणारी. साहेबांबरोबर तीही हसली. घरी आल्यावर तुम्ही साहेबांबद्दल काही बोलला नाहीत. पाय धुताना म्हणालात, ‘पोरं हसली गं.’

तुमचं शास्त्र काढून घेतलं आणि तुम्हाला चित्रकला व शुद्धलेखन दिलं. हेडमास्तर वाईट नव्हते, भित्रे होते. मी त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं की आमचे मास्तर यापुढे दोन्ही चिन्हं शिकवतील, त्यांना वर्ग परत द्या. ते तयार होत आले होते. तुम्हाला कळलं, तेव्हा तुम्ही मला विचारलंत, माझ्या वतीनं तडजोड करायचा अधिकार तुला कोणी दिला? मी म्हटलं, तुमच्या पटांगणानं दिला. तिथे पोरं उभी राहायची थांबलीत, ते मला बघवत नाही. तुम्ही हेडमास्तरांकडे गेलात आणि माझा शब्द मोडून आलात. त्या रागातून मी अजून पूर्ण बाहेर आलेले नाही. तुम्हाला वर्ग परत मिळत होता. नुसतं हो म्हणायचं होतं.

पुढे संध्याकाळी आपल्या ओट्यावर दोनचार मुलं यायची, त्यांना तुम्ही उ आणि प्रा शिकवायचात. परीक्षा जवळ आली की तीही येईनाशी व्हायची. शेवटी शेवटी समोर पाटी घेऊन मीच बसायची. या जगात ही सूत्रं लिहिणारी आपण दोघंच उरलो होतो, आणि त्यातली एक विरोधात. हे तुम्हाला विनोदी वाटायचं. मला वाटत नव्हतं.

थंडीत तुमच्या छातीत भरलं. डॉक्टरांनी न्युमोनिया सांगितला. आत्याबाई आल्या, विटेचा शेक सुरू झाला. ताप जरा उतरला होता, त्या संध्याकाळी तुम्ही मला हाक मारलीत. आवाज घोगरा होता, पण डोळे साफ होते. म्हणालात, ‘सरू, सैंधवाला आपण ना ठेवू या.’

मी म्हटलं, झोपा आता, बोलू नका. पांघरूण नीट केलं. त्यानंतर तुमचं बोलणं समजण्यासारखं राहिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता मी काय समजायचं? माझं पटलं, म्हणून तुम्ही त्यांचा Na घेणार होतात? की तो उच्चार आपल्या अक्षरात लिहायचा, ‘ना’, अशी नवीन वाट काढत होतात, म्हणजे आवाज जगाचा आणि अक्षर आपलं? की सैं हे चिन्हच ठेवायचं नव्हतं? मी किती प्रकारे ते वाक्य फिरवून पाहिलंय. इतकी वर्षं वाद घातलात, पानंच्या पानं बोललात, तळ्याच्या वाटेवर उभं राहून बोललात, आणि निकालाच्या वेळी चार शब्द. माझं काय उत्तर होतं, तेही ऐकलं नाहीत. कुठलाही अर्थ असता तरी मी हो म्हटलं असतं, असं लोकांना वाटेल. तसं नाही. पहिला असता तर हो म्हटलं असतं, दुसरा असता तर भांडले असते. पण भांडणासाठी तरी माणूस लागतो.

शाळेत तुमची शोकसभा ठेवली. मी जायचं की नाही यावर शेजारणींनी मत दिलं. आत्याबाई म्हणाल्या, माज्या लेकाची सभा हाय, आमी जानार. आम्ही दोघी मागे, सतरंजीच्या कडेला बसलो. हेडमास्तर खूप बोलले. स्वभाषेचा अभिमान, साधी राहणी, मुलांवरचं प्रेम. ज्यांनी तुमचा वर्ग काढून घेतला, त्यांच्याच तोंडून हे सगळं. बोलता बोलता भरात आले आणि म्हणाले, मास्तरांच्या स्मरणार्थ त्यांच्याच चिन्हांत पाणी लिहितो. वळून फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: उप्रा२. आणि सगळ्यांना उभं राहून शांतता पाळायला सांगितली.

सगळे मान खाली घालून त्या चुकीच्या सूत्रापुढे उभे राहिले. दोनाचा आकडा भलत्याच्या पायाशी होता. ते पाणीच नव्हतं. तुमच्याकडे शिकलेली मुलं पुढच्या रांगेत होती, त्यांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर कोणी बोललं नाही.

लोक खाली बसले. आत्याबाईंनी माझा हात धरला होता, त्यांना काहीतरी कळलं असावं. हळूच विचारलं, ‘काय झालं गं?’

‘त्यांनी चुकीचं लिहिलंय.’

‘माज्या पोराचं?’

‘हो.’

‘मग हितं बसून कुनाला सांगतीस? ऊठ.’

मी उठले. इतक्या माणसांमधून पुढे जाताना डोक्यावरचा पदर घट्ट धरला होता. हेडमास्तर बाजूला झाले. मी तळहातानं तो दोन पुसला आणि ‘उ’च्या पायाशी लिहिला. तुमच्याच अक्षरांत. त्या वेळी दुसऱ्या कुठल्या अक्षरांत लिहिता आलं नसतं. मग खडू ठेवला आणि परत येऊन बसले. हेडमास्तरांचं पुढचं भाषण थोडक्यात आटोपलं.

मला भीती होती की आता ते मला टाळतील. पण आठवड्यानंतर ते घरी आले. खालच्या वर्गांना शास्त्र शिकवायला माणूस मिळत नाही, लढाईमुळे जो तो दुसऱ्या नोकरीत गेलाय, तुम्ही मॅट्रिक आहात, तात्पुरतं याल का, असं विचारलं. आत्याबाईंचं मनातून चाललं होतं की मला इंदुरीला न्यावं, इथे एकटी बाई कशी राहणार. हेडमास्तर घसा साफ करून पुढे म्हणाले, फक्त चिन्हांच्या बाबतीत शाळेची एक अट आहे. मी म्हटलं, ‘ती तुमची अट नको. ती माझीच आहे.’ त्यांना ते नीट कळलं नाही. ते गेल्यावर आत्याबाईंनी एवढंच विचारलं की शाळा रोज भरते का. रोज भरते म्हटल्यावर म्हणाल्या, ‘मग पेरनीपातुर मीबी हितंच ऱ्हाते.’

तुम्हाला राग येईल, ठाऊक आहे. लोकांना वाटत होतं की फळ्यावर तसं लिहिलं म्हणजे आता मी तुमचं काम पुढे चालवणार. तशी कथा चांगली झाली असती. पण तुम्ही गेलात म्हणून तुमचं बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. जिवंतपणी मी तुम्हाला असं जिंकू दिलं नव्हतं.

काल पहिला तास घेतला. हात शिकवले, घरं शिकवली, तुम्ही सांगितली तश्शीच, एक शब्द न बदलता. पोरांना पटांगणात उभंही केलं, फक्त छातीवरच्या कागदांवर H आणि O होतं. मग वर्गात येऊन फळ्यावर पाणी लिहिलं. बांगडीवाल्यांची हमीदा तुमच्या ओट्यावर येणाऱ्यांतली. तिनं हात वर केला आणि म्हणाली, ‘बाई, मास्तर तर उ लिहायचे. मग मास्तरांचं चूक होतं का?’

वर्ग माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, ‘चूक नव्हतं. एकट्याचं होतं.’

नंतर मी पाट्या तपासत बाकांमधून फिरले. बहुतेकांनी H₂O लिहिलं होतं. हमीदानं आणि आणखी दोघातिघांनी त्याच्या शेजारी, थोडं खाली, उ२प्रा असंही लिहिलं होतं, दोन बरोबर जागी. मी त्यांना ते पुसायला सांगितलं नाही. मार्क मात्र H लाच दिले.